फुटबॉल क्लबचा जमाखर्च: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्यवसायाने हिशेबनीस. गेली 11 वर्षं नाशिकमधल्या एका छोट्या फुटबॉल क्लबची वही माझ्याकडे आहे. रविवारी सकाळचा सराव संपला की पालक, जुने खेळाडू, अंबड-सातपूरचे कारखानदार चहाच्या टपरीवर गाठतात आणि पैशाचं विचारतात. तेच प्रश्न फोनवरही येतात. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. मोठ्या व्यावसायिक क्लबांचे आधी आहेत, आपल्या गावातले नंतर.

1. फुटबॉल क्लबला पैसा येतो तरी कुठून?

मुख्य वाटा चार: तिकिटं, सामने दाखवण्याचे हक्क, प्रायोजक आणि खेळाडूंची विक्री. जर्सी-मफलरची विक्री आणि बक्षिसं त्यानंतर. भारतात पाचवी वाट आहे आणि बहुतेक क्लब तिच्यावरच चालतात, ती म्हणजे मालकाचा खिसा. या चार-पाच वाटांपैकी कोणत्या वाटेने किती येतं यावरून क्लबची तब्येत कळते. अर्ध्याहून जास्त पैसा एकाच वाटेने येत असेल, तर ती वाट बंद झाल्यावर काय करायचं याचा विचार आदल्या वर्षीच व्हायला हवा.

2. मॅचला एवढी गर्दी असते. मग तिकिटांवर क्लब का चालत नाही?

आकडे मांडून बघू. समजा दर मॅचला 10,000 माणसं आली आणि तिकीट सरासरी 200 रुपये. एका मॅचचे 20 लाख झाले. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल ही आपली सगळ्यात वरची लीग. तिच्या 2024-25 च्या मोसमात 13 संघ होते, म्हणजे प्रत्येकाला घरच्या मैदानावर 12 मॅच. सगळा मोसम मिळून 2 कोटी 40 लाख. यातून मैदानाचं भाडं, बंदोबस्त, अ‍ॅम्ब्युलन्स, फ्लडलाइटचं बिल आणि तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपचं कमिशन वजा करा. उरलेल्या रकमेत एखाददुसऱ्या चांगल्या परदेशी खेळाडूचा पगार निघेल. बाकीचा संघ, प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेल हे सगळं शिल्लकच राहतं.

यावर लोक लगेच कोल्हापूरचं उदाहरण देतात आणि ते बरोबरच आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या मॅचला लोक तिकीट काढून गर्दी करतात. पण तिथे संघामागे अख्खी पेठ उभी असते, आणि देशभर फिरणाऱ्या व्यावसायिक संघाइतकं मोठं पगारपत्रक नसतं. खर्च छोटा असला की गेटचा पैसा पुरतो. मला ते मॉडेल मनापासून आवडतं. मात्र त्याला आयएसएलच्या मापाने मोजू नये.

3. सगळ्यात मोठा खर्च कोणता?

पगार. बाकीचे खर्च त्याच्या आसपासही येत नाहीत. यूएफा या युरोपच्या फुटबॉल महासंघाने 2025-26 पासून मर्यादा घातली आहे: खेळाडू-प्रशिक्षकांचे पगार, ट्रान्सफरचा (खेळाडू विकत घ्यायच्या रकमेचा) वर्षाचा बोजा आणि एजंटांची फी मिळून क्लबच्या उत्पन्नाच्या 70 टक्क्यांच्या आत राहायला हवं. एवढी सैल मर्यादासुद्धा अनेकांना जड जाते, यावरून या धंद्यात पगाराचं वजन किती ते समजेल.

पगाराचा दुसरा गुण असा की तो कमी करता येत नाही. करार तीन वर्षांचा, आणि प्रायोजक मात्र एका वर्षाचा. माझ्या मते क्लब बुडण्याचं मूळ बहुतेक वेळा याच दोन तारखांच्या फरकात असतं.

4. टीव्हीच्या हक्कांतून खरंच एवढा पैसा मिळतो?

इंग्लंडमध्ये मिळतो. तिथली सगळ्यात वरची लीग, म्हणजे प्रीमियर लीग, आपले हक्क एकत्र विकते. देशातल्या हक्कांच्या पैशाचा अर्धा भाग सगळ्या 20 क्लबांना सारखा वाटला जातो, पाव भाग गुणतक्त्यातल्या जागेप्रमाणे आणि पाव भाग किती मॅच दाखवल्या त्याप्रमाणे. म्हणून 2023-24 मध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या शेफील्ड युनायटेडलाही लीगकडून सुमारे 11 कोटी पौंड मिळाले.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये आपले व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना दिले. त्याच करारातून 2014 मध्ये आयएसएल उभी राहिली. करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी नवा करार वेळेत झाला नाही. जुलै 2025 मध्ये लीग थांबवत असल्याचं क्लबांना कळवलं गेलं. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवले. पुढे महासंघाने नवी निविदा काढली, तर नोव्हेंबरात मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. आयएसएल म्हणजे पैसाच पैसा असं मानणाऱ्या प्रत्येकाने ते सहा महिने लक्षात ठेवावेत.

5. बक्षिसाच्या रकमेतून किती भागतं?

फार थोडं. 2021-22 च्या आयएसएल विजेत्याला 6 कोटी रुपये होते. त्या विजेत्या क्लबचं पुढे काय झालं ते प्रश्न 7 मध्ये आहे.

6. तोटा होतो तर मालक क्लब चालवतात कशाला?

कारणं निरनिराळी असतात. कुणाला खेळाचं वेड असतं, कुणाला ब्रँड मोठा करायचा असतो, कुणाला पुढे हिस्सा जास्त किमतीला विकायचा असतो. मँचेस्टर सिटी ज्या गटाच्या मालकीचा आहे, त्या गटाने 2019 मध्ये आयएसएलमधल्या मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला, क्लबने त्यानंतर विजेतेपदंही मिळवली, आणि डिसेंबर 2025 मध्ये हाच गट बाहेर पडला.

महाराष्ट्राच्या फुटबॉलला याचा अनुभव जुना आहे. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी 2007 मध्ये सुरू झाला आणि दहा वर्षंही टिकला नाही. त्यानंतर आयएसएलचा एफसी पुणे सिटी आला आणि 2019 मध्ये तोही संपला. नाशिकहून बालेवाडीला मॅच बघायला गाडी करून जाणारी आमची मुलं होती. त्यांच्या कपाटात आजही नारिंगी जर्सी आहेत, आणि त्या जर्सीचा क्लब उरलेला नाही.

म्हणून मालकाबद्दल विचारायचा खरा प्रश्न असा: त्याने पैसा भांडवल म्हणून घातलाय की कर्ज म्हणून? भांडवल क्लबमध्ये राहतं. कर्ज ताळेबंदात देणं म्हणून बसतं, आणि मालकाचं मन बदललं की ते परत मागितलं जातं.

7. चॅम्पियन क्लबही बुडतो का?

बुडतो. हैदराबाद एफसी 2021-22 चा आयएसएल विजेता. दोनच वर्षांत तिथे पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, आणि नव्या मालकांकडे गेलेला तो क्लब 2025 मध्ये दिल्लीला हलला. इंग्लंडमध्ये 1894 पासून लीगमध्ये असलेल्या बरी या क्लबला 2019 च्या ऑगस्टमध्ये पैशाअभावी लीगबाहेर काढलं गेलं. त्याच वर्षी त्यांच्या संघाने वरच्या विभागात बढती मिळवली होती.

मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं की तोटा आणि रोकड टंचाई या वेगळ्या गोष्टी आहेत. तोटा वर्षअखेर कागदावर दिसतो. रोकड संपल्याचं महिन्याच्या 7 तारखेला कळतं, कारण त्या दिवशी पगार द्यायचा असतो. मालक तोटा भरून देत असेल तर क्लब वर्षानुवर्षं तोट्यात चालू शकतो. दोन महिने रोकड नसली तर ड्रेसिंग रूम रिकामी होते.

8. पगार थकला तर खेळाडूने काय करायचं?

आधी लेखी मागणी. फिफाचा नियम असा की क्लबने किमान दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, तर खेळाडू 15 दिवसांची लेखी मुदत देऊ शकतो, आणि तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडू शकतो. क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदीही येऊ शकते. तोंडी मागणीला, व्हॉइस मेसेजला किंमत नाही. तारीख असलेला ईमेल हवा, आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमांची यादी सोबत हवी.

9. खेळाडू 100 कोटींना विकत घेतला तर त्या वर्षी 100 कोटींचा तोटा दिसतो का?

नाही. हे अंबडच्या वर्कशॉपवाल्यांना पटकन कळतं, कारण ते दरवर्षी मशीनचा घसारा काढतात. खेळाडूच्या ट्रान्सफरची रक्कम कराराच्या वर्षांवर विभागली जाते. 50 कोटींना 5 वर्षांच्या करारावर घेतला, तर दरवर्षी 10 कोटी खर्च. तीन वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत 20 कोटी उरते. तेव्हा 30 कोटींना विकला तर 10 कोटी नफा, जरी खरेदीपेक्षा 20 कोटी कमी मिळाले असले तरी.

आता दुसरी बाजू. स्वतःच्या अकादमीतून आलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे विक्रीचा सगळा पैसा नफा. अडचणीतले क्लब घरचीच पोरं का विकतात त्याचं हे एक मोठं कारण. मला यात दुःख वाटतं. हिशेबाचा नियम बरोबर आहे, पण त्याचा भार नेमका आपल्या मैदानावर वाढलेल्या मुलावर पडतो.

चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार करून वर्षाचा बोजा हलका करायला सुरुवात केली, तेव्हा यूएफाने आणि मग प्रीमियर लीगने 2023 मध्ये ही विभागणी जास्तीत जास्त 5 वर्षांवर आणली. करार कितीही लांब असो, हिशेब पाच वर्षांतच.

10. जास्त खर्च केला म्हणून गुण कापतात हे खरं का?

खरं आहे. प्रीमियर लीगच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत मिळून 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता. 2023-24 मध्ये एव्हर्टनचे आधी 10 गुण कापले, अपिलात ते 6 झाले, मग दुसऱ्या प्रकरणात आणखी 2 गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4. मैदान, अकादमी आणि महिला संघावरचा खर्च या तोट्यात धरत नसत. स्पेनमध्ये रीत वेगळी, तिथे आधीच पगाराची मर्यादा ठरवतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये मेस्सीची नोंदणी बार्सिलोनाला करता आली नाही ती त्यामुळे.

11. आमच्या क्लबने घडवलेला मुलगा मोठ्या क्लबात गेला तर आम्हाला काही मिळतं का?

मिळू शकतं. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून नीट सांगतो.

करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 व्या वर्षांदरम्यान शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 12 ते 15 या चार वर्षांसाठी त्या 5 टक्क्यांतला दरवर्षी विसावा भाग, 16 ते 23 साठी दरवर्षी दहावा. समजा ट्रान्सफर 4 कोटींची. 5 टक्के म्हणजे 20 लाख. मुलगा 13, 14 आणि 15 व्या वर्षी तुमच्याकडे होता, तर तुमचे 3 लाख. लहान क्लबचं त्यातून वर्षभराचं मैदानभाडं निघेल.

अट एकच, तो मुलगा त्या वर्षांत तुमच्या नावावर महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत असला पाहिजे. पैसे आता फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमार्फत वाटले जातात आणि ते खेळाडूची अधिकृत नोंद बघतात. आमच्याकडे तीन वर्षं शिकलेला एक गोलकीपर पुढे बाहेरच्या अकादमीत गेला. त्याचं नाव आमच्या हजेरीच्या वहीत आहे, पेन्सिलने भरलेल्या हजेऱ्या, पावसाळ्यात ओल्या झालेल्या पानांवर. ऑनलाइन नोंदणी मात्र केलेली नव्हती. ती चूक आमची. उद्या तो कुठेही पोचला तरी त्या तीन वर्षांचा आमच्याकडे मान्य होईल असा पुरावा नाही. आता दर जूनमध्ये बूट-किटच्या आधी आधार कार्ड, जन्मदाखला आणि नोंदणी या तीन गोष्टी होतात.

12. नाशिकच्या कंपन्यांचा सीएसआर निधी क्लबला मिळू शकतो का?

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. तो मिळू शकतो, पण कशासाठी ते महत्त्वाचं. कंपनी कायदा 2013 प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात नफ्याच्या कसोटीत बसणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. म्हणजे पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या मुलांचं शिबिर, प्रशिक्षकाचं मानधन, बूट, आहार हे त्यात बसतं.

जर्सीवर कंपनीचं नाव छापणं बसत नाही. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमधून स्पष्टपणे वगळलेलं आहे. आमच्याकडे येणारे निम्मे प्रस्ताव या एका गोष्टीवर अडतात. "सीएसआरमधून देतो, फक्त छातीवर लोगो टाका" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा आणि दोन वेगळे प्रस्ताव द्या: प्रशिक्षणाचा सीएसआर विभागाला, लोगोचा मार्केटिंगला.

निधी घेणाऱ्या संस्थेला 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) या आयकराच्या नोंदण्या, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यासाठी प्रश्न 13.

13. क्लब कशाखाली नोंदवावा? ट्रस्ट की कंपनी?

मुलांचं प्रशिक्षण हा हेतू असेल तर संस्था म्हणून नोंदणी आणि धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास, किंवा कलम 8 ची कंपनी. यात नफा वाटून घेता येत नाही, आणि देणगीदाराला ते पटतं. पगारी संघ उतरवायचा आणि गुंतवणूकदार आणायचे असतील तर प्रायव्हेट लिमिटेड. दोन्ही हवं असेल तर दोन नोंदण्या, दोन बँक खाती, दोन ऑडिट. एका खात्यातून दुसऱ्याचा पगार तात्पुरताही देऊ नका. नोंदणीला जाण्याआधी सनदी लेखापालासोबत बसा. नंतर दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो.

14. प्रायोजकाशी करार करताना काय बघायचं?

पैसे कधी येणार ते. आमच्या क्लबला एका वर्षी एका कारखान्याने तोंडी शब्द दिला. आम्ही 60 जर्सी छापून घेतल्या, स्पर्धेत मुलं त्या घालून खेळली, आणि नंतर फोन उचलणं बंद झालं. छपाईवाल्याचे पैसे आम्ही आठ महिने हप्त्याने फेडले. तेव्हापासून नियम केलाय: अर्धी रक्कम जर्सी छापायला जाण्याआधी, उरलेली मोसमाच्या मध्यावर, आणि सगळं सहीच्या कागदावर.

रकमेपुढे "जीएसटी वेगळा" की "जीएसटीसह" हे लिहाच, कारण प्रायोजकत्वावर 18 टक्के कर आहे. 1 लाखाच्या बोलण्यात हा 18,000 चा प्रश्न असतो. तो कर सरकारला कोण भरणार हे क्लब कंपनी आहे की नाही यावर ठरतं, तेही आधीच विचारून घ्या.

आणि प्रायोजकाचा धंदा बघा. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने कायद्याने बंदी आणली. अशाच गेमच्या धंद्यातल्या ड्रीम इलेव्हनला भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून करार संपण्याआधीच जावं लागलं. क्रिकेटला दुसरा प्रायोजक लगेच मिळतो, आपल्याला मिळणार नाही.

15. पतसंस्थेसारखा सभासदांचा क्लब काढता येईल का?

जगात असे क्लब आहेत. बार्सिलोना आणि रिआल माद्रिद आजही सभासदांचे आहेत, तेच अध्यक्ष निवडतात. स्पेनमध्ये 1990 च्या कायद्याने बाकीच्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावं लागलं, चार क्लबांना सूट मिळाली. जर्मनीत नियमच आहे की निर्णायक मतं, म्हणजे 50 टक्के अधिक एक, सभासदांच्या संस्थेकडे हवीत. लेव्हरकुसेनसारखे अपवाद आहेत.

नाशिक जिल्ह्याला सभासद, शेअर, वार्षिक सभा हे शिकवावं लागत नाही, त्यामुळे मला ही कल्पना अजिबात अवास्तव वाटत नाही. फक्त शेअर भांडवल एकदाच येतं आणि पगार दर महिन्याला असतो. त्यामुळे शेअरसोबत वार्षिक वर्गणी ठेवावी लागेल.

16. खालच्या लीगमधून वर चढलं तर फ्रँचायझीची (लीगमध्ये संघ उतरवण्याची) फी द्यावी लागते का?

2022-23 मध्ये आयएसएलच्या खालची आय-लीग जिंकून वर गेलेला पंजाब एफसी ही फी न देता आयएसएलमध्ये आला. पण फी वाचली तरी खर्च वाचत नाही. पगार, प्रवास आणि परवान्याच्या अटी उत्पन्न वाढण्याआधीच वाढतात. उलट दिशेला, इंग्लंडमध्ये खाली घसरणाऱ्या क्लबला सावरायला तीन वर्षांपर्यंत घटत्या रकमा मिळतात. आपल्याकडे तशी सोय नाही, तेव्हा खेळाडूंच्या करारातच "खाली गेलो तर पगार इतका" असं कलम घालणं शहाणपणाचं.

17. परदेशी खेळाडू "हातात 70 लाख" मागतो. आपल्याला किती पडेल?

70 लाखांपेक्षा बरंच जास्त. समजा कर 30 टक्के धरला, तर हातात 70 पडायला क्लबला 1 कोटी खर्च दाखवावा लागतो. शिवाय अधिभार, घर, तिकिटं, विमा, एजंट. भारतातल्या मुक्कामाचे दिवस मोजून कराची पद्धत बदलते, त्यामुळे करारावर सही होण्याआधी सल्ला घ्या. सही झाल्यावर विचारायला आलेले लोकच मला जास्त भेटतात.

18. नाशिकमध्ये व्यावसायिक क्लब उभा राहील का?

खेळाडू आहेत. देवळालीच्या शाळांत आणि लष्करी वसाहतीत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या आहे, मालेगावात वेड आहे. अडचण मोठ्या लीगमध्ये खेळायला लागणाऱ्या परवान्याची. क्लब परवान्याच्या कसोट्या पाच: खेळ, मैदान-सुविधा, माणसं आणि प्रशासन, कायदेशीर बाजू, आर्थिक बाजू. मला काळजी शेवटच्या कसोटीची वाटते, कारण त्यात तपासलेले हिशेब आणि थकबाकी नसल्याचा पुरावा लागतो, आणि तो एका महिन्यात तयार होत नाही. मला विचाराल तर आधी पाच वर्षं युवा संघ, स्वच्छ ऑडिट, वेळेवर मानधन. मग राज्य पातळी. मोठा मालक शोधण्यापेक्षा 20 मध्यम प्रायोजक शोधावेत. एक गेला तरी पगार थांबत नाही.

19. फी भरू न शकणाऱ्या मुलांचं तुमच्या हिशेबात काय होतं?

हे पालक बाजूला घेऊन विचारतात. कोणत्याही मुलाला फीसाठी घरी पाठवत नाही. पण फी माफ केली म्हणून ती वहीतून गायब होऊ देत नाही. "शिष्यवृत्ती" असं वेगळं खातं आहे, त्यात दर महिन्याला त्या मुलांची पूर्ण फी खर्च म्हणून पडते. वर्षाच्या शेवटी ती बेरीज घेऊन मी देणगीदाराकडे जातो. मुलांची नावं त्या पानावर नसतात, फक्त आकडा. यंदाच्या मार्चमध्ये ते पान बघून सिडकोतल्या एका निवृत्त कामगाराने तीन मुलांच्या वर्षभराच्या फीचा चेक दिला, आणि पावतीवर स्वतःचं नाव लिहू नका म्हणाले. मी समजावलं की चेक आहे, नाव लिहावंच लागेल.